पयल्यापासून सांग

राऊत सरांनी उभ्या नोकरीत कुणाचं अभिनंदन केलं नाही. एकदाच केलं, आणि त्या एका अभिनंदनापायी आमच्या शाळेची भिंत गेली. ती कशी गेली आणि परत कशी आली हे मला सांगायचं आहे. पण मी थेट भिंतीपाशीच सुरुवात केली असती तर सरांनी मला मध्येच थांबवलं असतं. म्हणाले असते, "मॅडम, तसं नाही. पयल्यापासून सांगा."

मी उमरखेडची. आमच्या घरात तीन पिढ्या कचेरीतल्या, त्यामुळे हळू बोलायचं आणि मनातलं मनात ठेवायचं हे आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. नोकरी लागली ती ढाणकीच्या पुढच्या एका लहान गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेत. गाव लहान आणि त्याला लागून असलेला बंजाऱ्यांचा तांडा मोठा. आम्ही शिक्षक तिघं. दिगांबर राऊत सर प्रभारी मुख्याध्यापक, दुसरे परसराम राठोड सर, स्वतः बंजारा, आणि तिसरी मी.

राऊत सर अंगानं वाळके. कॉलरखाली दुमडलेला रुमाल, खिशात कंगवा, आणि उजव्या हाताच्या बोटाला कायम निळ्या रंगाचा डाग. बारा महिने डब्यात भाकरी आणायचे आणि पेरू दिसला की मीठ मागायचे. अक्षर मात्र असं की सातबाऱ्याचा उतारा जरी त्यांनी लिहिला असता तरी भिंतीवर लावावासा वाटला असता.

रुजू झाल्यावर चौथ्या महिन्यात मी स्कूटी घेतली. पहिल्या दिवशी ती शाळेच्या आवारात लावली, तर सर तिच्याभोवती एक चक्कर मारून माझ्यासमोर उभे राहिले. म्हणाले, "मॅडम, मले जळन होऊन राह्यली तुमच्या गाडीची."

 आमच्याकडे माणसं हेवा करत नाहीत असं नाही, भरपूर करतात, पण तो पेढा खाता खाता करतात. हा माणूस तोंडावर सांगत होता. मी काहीतरी पुटपुटले. सरांनी मनगटावरचं घड्याळ काढलं, खिशात टाकलं आणि पायरीवर बसले. "आता सांगा. पयल्यापासून."

"काय सांगू?"

"कवा ठरवलं, रंग कोणी पसंत केला, बाबा काय म्हणले. सारं सांगा."

मी सांगितलं. आधी तुटक तुटक, मग मलाच रंग चढला. बाबांनी नारळ फोडताना पाणी स्वतःच्या चपलेवर सांडलं होतं, आई पहिल्या फेरीला मागे बसून माझी ओढणी धरून होती, हे सगळं सांगितलं. सर मध्ये मध्ये विचारत होते, "अन् मंग?" शेवटी उठले, घड्याळ बांधलं आणि म्हणाले, "उतरली. लय चांगली गाडी आहे मॅडम. जपून चालवा." त्या दिवसापर्यंत स्कूटीचं मला एवढं कौतुक नव्हतं. घरी जाताना मी ती पुसून नेली.

हळूहळू कळलं की ही सरांची रीतच होती. कुणाचं काही चांगलं झालं की ते सांगायचे, मला जळन होते आहे, आणि मग सगळं ऐकून घ्यायचे. एकदा मी धीर करून विचारलं की तुम्हाला असं बोलताना लाज वाटत नाही का. म्हणाले, "वाटते नं. पण न सांगतलं तर ते पोटात राह्यते. अन् मंग माणूस दुसऱ्याचं अर्धंच आयकते. अर्धं आयकलं की वाटते त्याले फुकटात भेटलं. पुरं आयकलं की त्याचा घाम बी दिसते."

ही रीत सगळ्यात जास्त चालायची ती राठोड सरांवर. दोघं उमरखेडला राहायचे आणि चौदा वर्षं एकाच मोटारसायकलवर शाळेत यायचे. एक आठवडा याची गाडी, एक आठवडा त्याची. पण गाडी कुणाचीही असो, चालवायचे राठोड सर. राऊत सर स्वतःच्या गाडीवरही मागेच बसायचे. त्याचं कारणही त्यांनीच मला सांगितलं. समोरासमोर जळन सांगताना तोंड वाकडं होतं, मागे बसून बरं पडतं.

राठोड सर म्हणजे गप्प माणूस. उंच, रुंद, आणि बोलणं मोजकं. त्यांच्या वावरात बोअरला पाणी लागलं ती गोष्ट त्यांनी कुणाला सांगितलीच नव्हती, कारण त्याच उन्हाळ्यात राऊत सरांचं बोअर कोरडं गेलं होतं. राऊत सरांना बातमी पानठेल्यावर कळली. दुसऱ्या दिवशी गाडी चालू झाल्या झाल्या मागून आवाज आला, "परसराम, लेका, मले तुह्या पाण्याची जळन होऊन राह्यली. अन् तू लपवलं याचा राग येऊन राह्यला. दोन्ही उतरव."

राठोड सरांनी ढाणकी येईपर्यंत काही सांगितलं नाही. ढाणकीच्या पुढे सुरू झाले. शाळेच्या फाटकात गाडी थांबली तरी गोष्ट चालूच होती, आणि मी वर्ग सोडून खिडकीत उभी होते, कारण राठोड सरांना एवढं बोलताना मी पहिल्यांदाच पाहत होते. पुढच्या रविवारी राऊत सर त्या वावरात गेले, पाइपाला ओंजळ लावून पाणी प्यायले आणि म्हणाले, "गोड आहे बुवा." हे मला राठोड सरांनी सांगितलं, आणि सांगताना ते दुसरीकडे पाहत होते.

आता भिंत. मी रुजू झाले त्या वर्षी पहिलीत सोनी नावाची एक मुलगी होती. तांड्यावरची. दोन महिने झाले तरी तोंडातून शब्द नाही. मी बडबडगीतं म्हणायची, चित्रं दाखवायची, ती नुसती बघायची. मला वाटलं हिला ऐकू येत नसावं. एका दुपारी राऊत सरांनी व्हरांड्याच्या लांब भिंतीवर गेरूनं भाकरी काढली, खाली निळ्या रंगात 'भाकरी' लिहिलं आणि राठोड सरांना हाक मारली. "परसराम, तुमच्यात इले काय म्हणतेत?"

"बाटी."

सरांनी शेजारी लाल रंगात 'बाटी' लिहिलं. सोनी उठली, भिंतीपाशी गेली, भाकरीवर बोट ठेवलं आणि मोठ्यानं म्हणाली, "बाटी." मग आमच्याकडे वळून तिच्या बोलीत इतकं काही बोलली की राठोड सर हसत खाली बसले. दोन महिन्यांचं साचलेलं होतं ते.

तिथून भिंत सुरू झाली. आईच्या चित्राखाली 'आई' आणि 'याडी'. भाऊ, 'भिया'. मुलगी, 'छोरी'. शब्द राठोड सरांचा, अक्षर आणि चित्र राऊत सरांचं. राऊत सर बाकावर चढून लिहायचे आणि राठोड सर बाक धरून उभे राहायचे. साडेतीन वर्षांत व्हरांड्याची भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत भरली. पहिलीची मुलं रडत यायची बंद झाली, कारण दारातच त्यांची याडी भिंतीवर उभी होती.

मग यवतमाळला शिक्षकांची एक मोठी सभा ठरली आणि त्या भिंतीबद्दल सांगायला आमच्या शाळेतून एकाच शिक्षकाला बोलावणं आलं. राऊत सरांनी क्षणाचाही विचार न करता राठोड सरांचं नाव लिहून पाठवलं. "बोली त्याची, मान त्याचा," म्हणाले. मनापासून म्हणाले, मी तिथे होते.

सभेनंतर दुसऱ्याच दिवशी पेपरात फोटो आला. राठोड सर, खांद्यावर शाल, हातात नारळ. खाली लिहिलं होतं की तांड्यावरच्या मुलांसाठी राठोड गुरुजींनी भिंत बोलती केली. सगळ्या मजकुरात राऊत हे नाव कुठेच नव्हतं. भिंतीचा फोटोही होता. त्यात अक्षरं दिसत होती, सरांची.

त्या सकाळी राठोड सर शाळेत आले तेव्हा राऊत सर आधीच येऊन बसले होते. स्वतःच्या गाडीवर, एकटेच आले होते. ते उठले, हात पुढे केला आणि म्हणाले, "अभिनंदन, राठोड सर."

राठोड सरांचा हात अर्ध्यावर थांबला. चौदा वर्षांत त्यांना 'राठोड सर' म्हणून राऊत सरांनी कधी हाक मारली नव्हती. त्यांनी वाट पाहिली. मीही पाहिली. आता सर घड्याळ काढतील आणि पायरीवर बसतील असं वाटत होतं. सरांनी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "चला, प्रार्थनेची वेळ झाली."

त्यानंतर आवारात दोन मोटारसायकली दिसायला लागल्या. एक कडुलिंबाखाली, एक हापशीजवळ. दोघं एकमेकांशी फार नीट बोलायचे, "हे रजिस्टर पाहून घ्या", "हो, पाहतो". डबे वेगवेगळे उघडायला लागले. मी मधे बसून दोन्हीकडची भाजी खात होते आणि एकही घास गोड लागत नव्हता.

बाराव्या दिवशी ग्रामपंचायतीनं रंगवाला पाठवला. यवतमाळहून काही अधिकारी सोमवारी भिंत पाहायला येणार होते, म्हणून शाळा स्वच्छ दिसावी एवढीच त्यांची इच्छा. गुरुवार होता आणि राठोड सर रजेवर होते. मी वर्गात होते. रंगवाल्याचा आवाज आला, "सर, हे व्हरांड्याची भिंत बी मारायची का? लय चित्रं आहेत हिच्यावर." उत्तर ऐकू आलं नाही. मला वाटलं मानेनं नाही म्हटलं असेल. मी उठून पाहायला हवं होतं, पण पाढे चालू होते आणि मी उठले नाही.

जेवणाच्या सुट्टीत बाहेर आले तर भिंत पिस्ता रंगाची झाली होती. एका कोपऱ्यात तेवढा निळा काना पुसट दिसत होता. राऊत सर कार्यालयात हजेरीपट उघडून बसले होते, पण पान उलटत नव्हतं.

शुक्रवारी राठोड सर आले. फाटकातून आत शिरताच थांबले. भिंतीपर्यंत गेले, तिला हात लावून पाहिला, आणि सरळ वर्गात गेले. माझ्या मते त्यांनी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं.

दुपारी डबे उघडले आणि राऊत सरांनी आपला डबा बाजूला सारला. "परसराम," ते म्हणाले. बारा-तेरा दिवसांनी हे नाव त्यांच्या तोंडून निघत होतं. "रंगवाल्यानं मले इचारलं होतं. मी आयकलं. मी मान खाली घातली अन् बसून राह्यलो. त्यानं त्याचा अर्थ लावला. मले ठाऊक होतं तो लावन."

राठोड सरांनी आपल्या डब्याचं झाकण परत लावलं.

"मले तुही जळन झाली होती. फोटो पाह्यला त्या दिवशीच. काहून नाही सांगतलं ठाऊक नाही. बाकीच्या गोष्टीची सांगता येत होती. बोअर तुहं होतं, पाणी तुहं होतं. ही भिंत माही बी होती, म्हणून तोंड उघडलं नाही."

"मले समजलं होतं," राठोड सर म्हणाले. "तू अभिनंदन म्हणला तवाच समजलं. मी रोज वाट पाह्यली."

"मंग सांग आता. पयल्यापासून सांग." सरांनी घड्याळ काढलं.

"नाही सांगत." राठोड सरांचा आवाज चढला नाही, पण मी आयुष्यात त्यांना इतकं रागावलेलं पाहिलं नाही. "माही जळन केली, माफ केली. भिंत पोरायची होती. पयले भिंत, मंग गोष्ट."

राऊत सरांनी घड्याळ परत बांधलं. डोळे पुसले, सरळ रुमालानंच पुसले, आणि उठून गेरू शोधायला गेले.

अडचण अशी की शब्दांची यादी कुठेही नव्हती. एकेक आठवेल तसा भिंतीवर गेला होता. राठोड सरांना शंभरेक आठवले, पुढे गाडी अडली. माझ्या मोबाइलमधल्या फोटोंत मुलांची डोकीच जास्त होती. तिघं त्या कोऱ्या भिंतीसमोर उभे होतो, तेव्हा मागून सोनी आली. आता ती चौथीत होती. तिनं राऊत सरांच्या हातातला खडू घेतला, भिंतीच्या डाव्या कोपऱ्यात, कमरेच्या उंचीवर एक गोल काढला आणि म्हणाली, "सर, इथं बाटी होती. मंग मिठाचं लूण. मंग याडी."

"लूण खाली होतं," दुसरीतला एक जण म्हणाला.

"वर होतं. खाली कुतरं होतं. मी रोज त्याच्या पाठीवर हात ठेवत होतो." हे आणखी एका पोरानं.

आणि मग सगळी शाळा उठून भिंतीपाशी आली. कुणाला कोपरा पाठ होता, कुणाला ओळ. पहिलीतलं एक पोर तर डोळे मिटून भिंतीला चाचपत चाललं होतं आणि बरोबर सांगत होतं. त्यांची भांडणं लागली, पण एकही शब्द कुणी चुकीचा सांगितला नाही. राऊत सर खडूच्या खुणांमागून रंग घेऊन धावत होते. त्यांनी साडेतीन वर्षं जे भिंतीवर लिहिलं होतं ते भिंतीवर राहिलंच नव्हतं, मुलांत गेलं होतं, आणि तिथे कुणाचा डिस्टेंपर पोचत नव्हता. मला त्या दुपारी रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

शनिवारी, रविवारीही काम चाललं. तांड्यावरच्या बाया पाण्याला जाता जाता थांबल्या. त्यांनी राठोड सरांना झापलंच. चुलीचे, शिवणाचे, दागिन्यांचे शब्द कुठे आहेत, सारे बाप्यांचेच शब्द लिहिलेत म्हणाल्या. राठोड सरांना त्यातले अर्धे ठाऊक नव्हते. बाक धरून ते ऐकत होते आणि राऊत सर बाकावरून विचारत होते, "अन् याले काय म्हणता बाई?" भिंत पुरेना म्हणून वळून माझ्या वर्गाच्या दारापर्यंत आली.

सोमवारी अधिकारी आले तेव्हा शेवटची ओळ ओली होती. सोनीनं छडी घेऊन सगळी भिंत वाचून दाखवली. एका साहेबांनी विचारलं, "ही नेमकी कल्पना कुणाची?" राठोड सरांनी राऊत सरांना पुढे ढकललं. राऊत सर म्हणाले, "शब्द याचे, अक्षर माहं. अन् मधात पुसली ते बी मीच. परत लिहिली या पोरायनं." साहेब हसले, त्यांना वाटलं गुरुजी गंमत करत आहेत. आम्ही तिघांनी त्यांना तसंच वाटू दिलं.

त्या संध्याकाळी हापशीजवळची गाडी तिथेच राहिली. कडुलिंबाखालच्या गाडीवर राठोड सर पुढे बसले, राऊत सर मागे. फाटकातून जाताना राऊत सरांचा हात मनगटावर होता.

दुसऱ्या दिवशी ते मला शोधत वर्गात आले. चेहरा असा की जणू त्यांनाच शाल मिळाली आहे. "मॅडम, यवतमाळची पुरी गोष्ट आयकली काल. माइकवर गेल्यावर त्याचे पाय लटलट करत होते म्हणे. अन् पयलं वाक्य काय बोलला ठाऊक आहे? म्हणला, ही भिंत माझे मित्र दिगांबर राऊत यांच्या अक्षरानं उभी आहे. पयलंच नाव माहं, मॅडम. तीन खेप घेतलं. पेपरवाल्यानं छापलं नाही त्याले हा काय करन? अन् मी बेकूफ, पयल्यापासून आयकलंच नाही." मग जरा थांबून म्हणाले, "उतरली."

राऊत सर निवृत्त झाले त्याला आता तीन वर्षं झाली. ते मुलाकडे नागपूरला असतात. मी शाळेत आहे, आणि मैत्रिणीची बदली तिला हव्या त्या गावी झाली की फोनवर स्पष्ट सांगते, मला हेवा वाटतो आहे, आता सुरुवातीपासून सांग. आमच्या घरात हे कुणाला पसंत नाही. पण माझ्या मैत्रिणी टिकल्या आहेत.

राऊत सरांचा शाळेतला शेवटचा दिवस मला नीट आठवतो. भाषणं झाली, मुलं रडली. शेवटी तांड्यावरच्या बाया पुढे आल्या आणि त्यांनी राऊत सरांच्या हातात एक पिशवी ठेवली. लाल कापडाची, भरतकामाची, जागोजाग आरसे टाचलेली. चार जणींनी मिळून दोन महिने शिवली होती. सरांनी ती छातीशी धरली.

कार्यक्रम आटोपल्यावर दोघं गाडीपाशी गेले. मी फाटकात उभी होते. राठोड सर गाडीवर बसेनात. पिशवीकडे बघत उभे राहिले. त्यांची अजून दोन वर्षं नोकरी होती.

"दिगूभाऊ," ते म्हणाले, "तांडा माह्या लोकायचा, बोली माही, बाया माह्या बहिणी लागतेत. अन् पिशवी तुले." मग त्यांनी घसा साफ केला. "मले जळन होऊन राह्यली."

राऊत सरांनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि असे हसले की कडुलिंबावरची पाखरं उठली. "आयकलं का मॅडम? चौदा वर्षाच्या वर लागले याले."

त्यांनी राठोड सरांच्या हातातून किल्ली घेतली, पिशवी खांद्याला अडकवली आणि पुढे बसले. एवढ्या वर्षांत त्यांना पुढे बसलेलं मी पाहिलं नव्हतं. राठोड सरांनी सावकाश घड्याळ काढलं, खिशात टाकलं, आणि मागे बसून तोंड सरांच्या कानापाशी नेलं.

"सांग आता," ते म्हणाले. "पयल्यापासून सांग."

गाडी ढाणकीच्या रस्त्याला लागली. राऊत सरांना गाडी धड चालवता येत नव्हती, ती या कडेनं त्या कडेला जात होती, आणि पिशवीवरचे आरसे पार वळणापर्यंत उन्हात चमकत होते. वळणावरून मला सरांचा आवाज ऐकू आला. गोष्ट सुरू झाली होती.